जन्मभर शिकायचे, पण रजा कोणाला?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूल या संस्थेने १९२१ साली वर्गातील चर्चेसाठी जी पहिली ‘केस’ तयार केली, तिचे नाव ‘जनरल शू कंपनी’ असे होते. मजकूर जेमतेम एक पान. जोडे बनविणाऱ्या एका कारखान्यातील कामगार सुटीची वेळ होण्यापूर्वीच, कधी कधी तर पाऊण तास आधी, हातातले काम थांबवितात, असे व्यवस्थापनाच्या ध्यानात येते. याची चौकशी व्यवस्थापनाने कशी करावी आणि त्या चौकशीत काय आढळण्याचा संभव आहे, हे विद्यार्थ्यांनी सांगावयाचे. कायद्याच्या विद्यार्थ्याला जुने खटले वाचावयास देतात, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रोग्याच्या खाटेपाशी उभे करतात. त्याच धर्तीवर व्यापारउदिमाचे शिक्षण घेणाऱ्याला कारखान्यातील एखादा प्रत्यक्ष पेच द्यावा आणि ‘तू असतास तर काय केले असतेस?’ असे विचारावे, ही त्यामागील कल्पना.

कल्पना उत्तम होती, हे आधी मान्य केले पाहिजे. त्या एका पानाचा पुढे एवढा विस्तार झाला की आज जगातील बहुतेक सर्व व्यवस्थापनसंस्थांत ही पद्धत कमीअधिक प्रमाणात चालते. मात्र एक गोष्ट शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. ‘तू असतास तर’ यातील ‘तू’ हा सहसा व्यवस्थापक असतो. जोडे शिवणारा माणूस त्या पानावर आहे, पण तो प्रश्न म्हणून. उत्तर देणारा म्हणून नव्हे. तो पाऊण तास आधी का थांबत होता? हात धुण्याच्या नळापाशी रांग लागत होती काय? पुढच्या टेबलावरून माल वेळेवर येत नव्हता काय? की जास्त काम केल्यास तुकड्यामागील दर कापला जाईल, ही भीती होती? या प्रश्नांची उत्तरे ज्याला बोटांच्या टोकावर ठाऊक होती, तो वर्गाच्या बाहेर होता.

आता असे कोणी म्हणेल की, बड्या कंपन्यांच्या साहेबलोकांचे शिक्षण हा विषय कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशाला? साहेबांनी शिकावे, बढती मिळवावी, मोटार घ्यावी. आपले त्यात काय जाते? आपले पुष्कळ जाते. चाळिशी उलटलेला, संसारात आणि नोकरीत पुरता अडकलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊ शकतो काय, आणि झाल्यास कोणत्या परिस्थितीत, या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत खर्चिक प्रयोग भांडवलदार वर्गाने स्वतःच्या माणसांवर केलेला आहे. त्या प्रयोगाचे निष्कर्ष फुकट उपलब्ध असताना ते न वाचणे हे शहाणपणाचे नव्हे.

हा प्रयोग दुसऱ्या महायुद्धात जोमाने सुरू झाला. शांततेच्या काळातील धंदे युद्धसामग्रीकडे वळवावयाचे होते. त्यासाठी अनुभवी व्यवस्थापकांना पुन्हा शिकवावे लागले. हार्वर्डने १९४३ मध्ये त्यासाठी खास वर्ग उघडला आणि त्यातूनच १९४५ साली वरिष्ठ व्यवस्थापकांचा तेरा आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम निघाला. ब्रिटनमध्ये थेम्स नदीकाठी हेन्ली येथे प्रशासकांचे महाविद्यालय स्थापन झाले. त्याची पहिली तुकडी १९४८ ची. आपल्याकडे हेन्लीचाच कित्ता गिरवीत १९५६ मध्ये हैदराबादला ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज’ निघाले, आणि तेही निजामाच्या युवराजाच्या प्रासादात! १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली. तीमागे केंद्र सरकार होते, गुजरात सरकार होते, स्थानिक उद्योगपती होते आणि फोर्ड फाउंडेशनचे साहाय्यही होते. म्हणजे खासगी कंपन्यांचे अधिकारी जेथे शिकले, त्या वास्तूच्या पायात जनतेचा पैसा आहे. आजही कंपनी आपल्या अधिकाऱ्याच्या अभ्यासक्रमावर जी रक्कम खर्च करते, ती धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा होते. तेव्हा त्या बाकावर बसणाऱ्याचा थोडासा भार करदाताही वाहत असतो, हे जाता जाता लक्षात ठेवावयास हरकत नाही.

हेन्लीची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेथे प्राध्यापकाने बोलावे आणि बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्यावे, असा प्रकार नव्हता. दहा-अकरा जणांचा एक गट करीत. त्यात कोणी बँकेतला, कोणी सरकारी खात्यातला, कोणी राष्ट्रीयीकृत उद्योगातला, कोणी खासगी कारखान्यातला. प्रत्येक विषयाला अध्यक्ष निराळा आणि चिटणीस निराळा. अध्यक्षपद पाळीपाळीने फिरत राही. आपल्या कचेरीत ज्याच्या शब्दाला कोणी आव्हान दिलेले नसते, असा माणूस येथे दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली निमूटपणे बसतो, आपले म्हणणे खोडले जात असता ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचे मत संक्षेपाने, पण प्रामाणिकपणे, टिपणात लिहितो. माणसाच्या स्वभावावर याचा परिणाम होतो. ‘मला हे ठाऊक नाही’ हे वाक्य वीस वर्षे ज्याने उच्चारलेले नाही, त्याला ते पुन्हा म्हणता येऊ लागते. व्यक्तिमत्त्वाचा विकास वगैरे जे मोठे शब्द अशा अभ्यासक्रमांच्या पत्रकांत छापलेले असतात, त्यांतील सत्यांश बहुधा एवढाच असतो. आणि तो थोडा नव्हे.

बढतीचे म्हणाल तर जरा सावधपणे बोलावे लागेल. असा अभ्यासक्रम पूर्ण केलेले अधिकारी पुढे वर चढतात, हे खरे. परंतु कंपनी सामान्यतः ज्याला वर चढवावयाचे तिने मनात ठरविलेले असते, त्यालाच पाठविते. कोंबडा आरवतो आणि उजाडते. म्हणून कोंबड्याने उजाडविले असे होत नाही. शिवाय तेथे झालेल्या ओळखी हा त्या शिक्षणाचा अर्धा लाभ असतो, आणि या ओळखींना अभ्यासक्रमात नाव नसले तरी फीमध्ये किंमत असते. आज ही फी लाखांत मोजली जाते. स्वतःच्या खिशातून ती भरणाराही आता पुष्कळ दिसतो. कर्ज काढतो, नोकरी सोडतो, वर्षभर शिकतो आणि नंतरची काही वर्षे ते कर्ज फेडण्यासाठी नको ती नोकरी धरतो. त्याच्याविषयी उपहासाने बोलण्याचे कारण नाही. तोही पगारदारच आहे.

तरीही मूळ निष्कर्ष उरतोच. प्रौढ माणूस शिकतो, उत्तम शिकतो. मात्र त्याला पगारी मोकळीक लागते, बरोबरीच्या माणसांची सोबत लागते आणि समोर खरा, हातात घेऊन सोडविण्याजोगा प्रश्न लागतो. साहेबाला या तिन्ही गोष्टी एकदम दिल्या जातात. कामगाराला मात्र ‘शिकण्याची आवड हवी’ असे सांगितले जाते.

कामगाराला हे शिक्षण झेपणार नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला त्याच हार्वर्डचा दाखला द्यावा. तेथे वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यासक्रम १९४५ मध्ये निघाला, पण त्याच्या तीन वर्षे आधी, १९४२ मध्ये, कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांसाठी निवासी अभ्यासक्रम सुरू झालेला होता. तो अद्याप चालू आहे. म्हणजे ज्या प्रांगणात मालकाचा प्रतिनिधी ताळेबंद वाचावयास शिकला, त्याच प्रांगणात युनियनचा चिटणीसही शिकत होता. फरक एवढाच की एकाची कीर्ती जगभर गेली आणि दुसऱ्याची आपल्या कार्यकर्त्यांपर्यंतही आली नाही.

आपल्या देशातील एक उदाहरण याहून बोलके आहे. रवी मथाई हे अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक. संस्था भरभराटीला आलेली असताना १९७२ मध्ये त्यांनी ते पद स्वेच्छेने सोडले आणि ते तेथेच साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पदाला चिकटून राहण्याच्या आपल्या राष्ट्रीय सवयीकडे पाहता हीच एक नवलाची गोष्ट होती. परंतु त्यांनी पुढे जे केले ते अधिक महत्त्वाचे. १९७५ पासून ते राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात जाऊ लागले. तेथील चामड्याचे काम करणारे आणि विणकर यांना व्यवस्थापनविद्येचा काही उपयोग होईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. अहमदाबादच्याच राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची माणसे सोबत होती. माल कोणता करावा, किंमत कशी बसवावी, कच्चा माल कोठून आणावा, दलालाशिवाय तो विकावा कसा, हे सारे कारागिरांनी स्वतः ठरवावे, असा आग्रह होता. काम सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘सांगू तेवढे कर’ एवढेच ऐकविले गेले, त्यांना ‘तुम्ही ठरवा’ हे वाक्य आरंभी संशयास्पदच वाटणार. तथापि त्यातून कारागिरांच्या संघटना उभ्या राहिल्या. व्यवस्थापनविद्या ही मालकाची खासगी मालमत्ता नाही, हे एका व्यवस्थापनसंस्थेच्या माजी संचालकानेच सिद्ध करावे, यात काव्यगत न्याय आहे.

स्पेनमधील बास्क प्रांतात क्रम याहून निराळा होता. मोंद्रागोन या गावी एका तरुण धर्मोपदेशकाने १९४३ साली कामगारांच्या मुलांसाठी तंत्रशाळा काढली. त्या शाळेतून निघालेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना सुरू केला. शाळा आणि कारखाना यांत तेरा वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. कारखाना बंद पडतो, मालक देणी बुडवून निघून जातो, कामगार म्हणतात की आम्ही चालवू. आणि मग रात्री बसून ताळेबंद म्हणजे काय, खेळते भांडवल म्हणजे काय, हे शिकण्याची धावपळ सुरू होते. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये हेच झाले. कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना ताब्यात घेण्याच्या योजनेला १९८८ मध्ये औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाची मान्यता मिळाली. कामगारांनी तो पुन्हा चालू करून दाखविला, हा पराक्रमच होता. पुढे तो पुन्हा अडचणीत आला. त्याची कारणे अनेक. सर्व खापर शिक्षणाच्या अभावावर फोडणे अन्यायाचे होईल. पण त्या कामगारांना दहा वर्षे आधी कोणी पगारी रजेवर पाठवून हिशेब शिकविला असता, तर ते अधिक तयारीने त्या खुर्चीत बसले असते, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

वस्तुतः महाराष्ट्रात प्रौढ श्रमिकांच्या शिक्षणाची परंपरा व्यवस्थापनसंस्थांहून कितीतरी जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व गिरणगावात वाचनालये आणि रात्रशाळा चालविल्या. या परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्यातील एका शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘रात्र’. साहेबाचे शिक्षण दिवसा, कामगाराचे रात्री. साहेबाचे पगारात, कामगाराचे झोपेतून. दहा तास उभे राहून आलेला माणूस बाकावर पेंगतो, तेव्हा शिक्षणावरील त्याची निष्ठा मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि स्त्री कामगाराचे काय? तिची दुसरी पाळी घरी चुलीपाशी सुरू होते. तिच्यासाठी रात्रशाळा ही बहुतेक वेळा कागदावरचीच सोय ठरते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात होते. आज त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी कामगारांतूनच ‘कामगार शिक्षक’ तयार करावयाचे, मालकाने त्यांना या प्रशिक्षणासाठी पगारासह मोकळे करावयाचे आणि त्यांनी परत येऊन आपल्या कारखान्यात वर्ग घ्यावयाचे, अशी ती योजना. आराखडा निर्दोष होता. हैदराबादचे स्टाफ कॉलेज आणि हे मंडळ यांच्या जन्मात दोनच वर्षांचे अंतर. एकाच नियोजनयुगाची ही दोन अपत्ये. पण एकाला राजवाडा मिळाला आणि दुसऱ्याला वर्ग भरविण्यासाठी कारखान्याच्या उपाहारगृहाचा कोपरा. त्या कोपऱ्यातही उत्पादकता, शिस्त आणि कर्तव्य यांवर जितका भर पडला, तितका ताळेबंद वाचण्यावर पडला नाही.

पुढे आजीवन शिक्षण हा शब्दच जगभर दुमदुमू लागला. युनेस्कोने नेमलेल्या एदगार फोर आयोगाचा अहवाल १९७२ चा. माणूस जन्मभर शिकत राहील अशी समाजाची रचना करावी, असा त्यातील उदार विचार होता. त्या काळी युरोपात तो हवेतच राहिला नाही. फ्रान्समध्ये १९७१ चा कायदा झाला. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या मालकाने एकूण वेतनखर्चाच्या किमान ०.८ टक्के रक्कम प्रशिक्षणावर खर्च करावी, असे बंधन १९७२ पासून घातले गेले. इटलीत १९७३ साली धातुउद्योगातील कामगारांनी आपल्या राष्ट्रीय वेतनकरारातच शिक्षणाचा हक्क मिळविला: तीन वर्षांत दीडशे तास पगारी, आणि तितकाच वेळ कामगाराने आपल्या पदरचा घालावयाचा. विषय मालकाने ठरवावयाचा नाही, हे त्यातील मर्म. वाटाघाटींच्या वेळी मालकांच्या बाजूने खोचकपणे विचारण्यात आले, ‘उद्या तुमच्या कामगाराला क्लाव्हिचेंबालो वाजवावयास शिकावेसे वाटले तर?’ ‘वाटले तर तेही’, असे उत्तर मिळाले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. हे एक जुने, दरबारी थाटाचे तंतुवाद्य आहे. आपल्याकडे असता तर मालकाने रुद्रवीणेचे नाव घेतले असते. प्रत्यक्षात बहुसंख्य कामगारांनी अपुरे राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले. काही विद्यापीठांच्या परिसंवादांत जाऊन बसले. पुढे गृहिणीही या वर्गांना येऊ लागल्या.

आपल्या मागणीपत्रकांत असे कलम किती वेळा आले? येथे थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. महागाई भत्ता, बोनस, घरभाडे, कँटीनच्या थाळीचा दर, गणवेषाचे कापड: यांसाठी लढे झाले आणि ते योग्यच होते. पगारी शिक्षणरजेसाठी मात्र संप तर सोडाच, निदर्शनाचीही आठवण सहसा निघत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शिक्षणरजेविषयीचा १४० क्रमांकाचा करार १९७४ मध्ये संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही, आणि ती द्यावी यासाठी आपल्याकडून कोणी दिल्लीचे दार ठोठावल्याचेही फारसे ऐकिवात नाही. याच्या दोनच वर्षे आधी, १९७२ मध्ये, केंद्र सरकारी नोकरांचे रजानियम झाले. त्यांत अभ्यासरजेची व्यवस्थित तरतूद आहे. तेव्हा तत्त्व या देशाला अमान्य नाही. ते कचेरीच्या दारातून आत गेले आणि कारखान्याच्या दाराशी अडले, एवढेच.

दरम्यान त्या उदार शब्दाचेही रूप पालटले. १९९० नंतरच्या काळात आजीवन शिक्षण हा माणसाचा हक्क राहिला नाही; ते त्याचे कर्तव्य बनले. नोकरी गेली? तू नवे काही शिकला नाहीस म्हणून. आपल्या सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला, तेव्हा बेकार होणाऱ्या कामगारांना नवे कसब शिकवून पुन्हा कामाला लावण्याची भाषा होती. प्रत्यक्षात निधीचा मोठा हिस्सा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यात गेला. शिक्षणाच्या नावाने निघालेला पैसा निरोपाचा नारळ देण्यास खर्ची पडला! १९८२ च्या संपानंतर ज्या हजारो गिरणी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्यातील कित्येकांनी पुढे पहारेकऱ्याचा गणवेष चढविला किंवा भाजीची गाडी लावली. साच्यावर पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या बोटांत जी विद्या होती, तिचे पुढे काय करता येईल, हे त्याला कोणी विचारले नाही. साहेबाला मात्र चाळिसाव्या वर्षी, नोकरी शाबूत असताना, नेमका हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर शोधण्यासाठी तेरा आठवडे दिले जातात.

आता कोणी रास्त शंका काढील. कायम कामगारांची संख्या घटत चालली आहे. कंत्राटी मजूर, घरकामगार, मोबाइलवरून येणाऱ्या हुकमावर मोटारसायकल पळविणारा पोरगा, यांना रजा देणारा मालकच जागेवर नाही. मग पगारी शिक्षणरजा मागावयाची कोणाकडे? याचे उत्तर फ्रान्समध्ये शोधीत बसण्याचे कारण नाही. माथाडी कामगाराला तरी एक मालक कोठे होता? आज या गोदामात, उद्या त्या वखारीत. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मंडळे निर्माण केली, मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मालकांकडून वसूल केली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान यांची सोय लावली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला अनेक मालकांचा मिळून एक मालक मिळाला. त्याच लेव्हीत एक टक्का शिक्षणरजेचा घालता येईल. इतर असंघटित व्यवसायांच्या मंडळांनाही तो लागू करता येईल. वर्षाकाठी प्रारंभी पन्नास तास मागावेत. दिवसाचे, पुऱ्या मजुरीचे. विषय शिकणाऱ्याने निवडावा. ज्याला संगणक शिकावयाचा त्याने तो शिकावा, जिला सातवी पुरी करावयाची तिने ती करावी, कोणाला हार्मोनियम वाजवावयाचा असेल तर तोही. वर्गाचा अध्यक्ष हेन्लीप्रमाणे पाळीपाळीने बदलावा. आणि एखादा दिवस जनरल शू कंपनीचे ते एक पान मराठीत करून वर्गापुढे ठेवावे, आणि कामगार पाऊण तास आधी काम का थांबवितात, हे व्यवस्थापकाऐवजी त्यांनाच विचारावे.